नुसते मासे

आईने कुणाचं नाव घेतलं नाही. तिने फ्रिज उघडला, खालच्या कप्प्यातला माशांचा डबा काढला, झाकण उघडून नाकाशी धरला आणि ओट्यावर ठेवला. बाहेर ऐकू जाईल इतपत आवाज करून ठेवला. बाहेर काका बूट काढत होता.

"काय झालं, वहिनी?"

"मला काय होतंय? ज्याला झालंय तो बघा तिकडे पडलाय."

शिक्का दाराशी गोणपाटावर पडला होता. कपाळावर पांढरा गोल ठिपका असलेला आमचा काळा कुत्रा. आकाराने लहान, पण रुबाब घरमालकाचा. एरवी काका जिन्यात आला की हा आतून दार खरवडायला लागायचा. आज त्याने शेपटी जमिनीवर एकदा आपटली आणि डोळे मिटले. मी त्याचा ओठ वर करून पाहिलं. गुलाबी असायला हवी ती हिरडी पिठासारखी पांढरट दिसत होती. सकाळी बाबा त्याला फिरवून आले तेव्हा त्याची लघवी गडद, जवळजवळ तपकिरी झाल्याचं त्यांनी सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे वर्तमानपत्रामागून पुटपुटले होते.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. त्यामुळे घरात कुणालाही काही झालं की सगळे आधी माझ्याकडे बघतात आणि मग मी जे सांगेन ते सोडून बाकी सगळं करतात. काका तर मला मास्तरीणबाईच म्हणतो.

"मास्तरीणबाई, काय वाटतं?" त्याने विचारलं.

"अंगात रक्त कमी झालंय. का, ते माहीत नाही."

"मला माहीत आहे," आई आतून म्हणाली.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. बर्फाचा कारखाना बंद पडल्यावर तो आमच्याकडे राहायला आला. घाऊक मासळी बाजारात मासे आकाराप्रमाणे वेगळे करायचं काम त्याला मिळालं होतं आणि मागच्या खोलीत, इस्त्रीचं टेबल आणि जुनी कपाटं यांच्या मधोमध, त्याची खाट होती. 'थोडे दिवस' असं ठरलं होतं. थोडे म्हणजे किती, हे आईने विचारलं नव्हतं, पण चादरी धुताना ती त्याची चादर वेगळी धुवायची. बाजारात शेवटी उरलेले छोटे मासे तो शिक्क्यासाठी आणायचा. फुकट मिळणारी वस्तू चांगली असू शकते यावर आईचा विश्वास नाही.

आणि शिक्का आईचा. पिल्लू असताना गटारात सापडलेला, ड्रॉपरने दूध पाजून तिने जगवलेला. बाकी कुणाच्या आजारपणात ती इतकी गप्प झालेली मी पाहिली नव्हती. त्या संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं, माझ्यासमोरच सांगितलं, "माशांनी झालं असेल ना, तर भाऊजींनी आपली सोय दुसरीकडे बघावी. मी काही वाईट बोलत नाही. पण मग माझ्याच्याने एका घरात राहणं होणार नाही."

"बघू," बाबा म्हणाले. बाबांचं सगळं घरगुती धोरण या एका शब्दात मावतं.

जनावरांची डॉक्टर ही एक घाईत असलेली, पण नीट ऐकणारी बाई होती. तिने शिक्क्याला टेबलावर घेतलं, पोट दाबून पाहिलं, रक्त काढलं आणि काय काय खातो ते विचारलं.

"मासे," आई म्हणाली. "माझे दीर आणतात."

"कच्चे?"

"छे. मी स्वतः उकडते. माझ्या गॅसवर मी दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही."

"काटे?"

"दीर काढतात म्हणे." 'म्हणे' हा शब्द आई फार विचार करून वापरते.

"मीठ, मसाला?"

"नाही हो. नुसते मासे आणि पाणी."

रक्ताचा रिपोर्ट मला दाखवला. हिमोग्लोबिन खूप खाली होतं. गोचिडांमुळे होणाऱ्या आजाराची तपासणी केली, तो निघाला नाही. डॉक्टर म्हणाली, "शिजवलेले, बिनकाट्याचे, बिनमिठाचे मासे बहुतेक कुत्र्यांना चालतात. पण हे मासे येतात कुठून, किती ताजे असतात, ते मला माहीत नाही. काही दिवस बंद करून बघा."

आईने फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. घरी येऊन तिने तेवढंच सांगितलं.

मासे बंद झाले. शिक्क्याला भात आणि उकडलेलं अंडं सुरू झालं आणि तो सुधारला. आधी उठून बसला, मग जिन्यापर्यंत गेला, मग एका सकाळी त्याने बाबांचा मोजा पळवला. आई त्या दिवशी गुणगुणत भांडी घासत होती. काका जेवताना मान वर करत नव्हता.

कुणीही म्हणालं असतं की उत्तर मिळालं. मासे दिले तेव्हा आजारी, मासे थांबवले तेव्हा बरा. पण मला ते बसत नव्हतं. काही जातींच्या कच्च्या माशांत एक असा पदार्थ असतो की तो कुत्र्याच्या अंगातलं एक जीवनसत्त्व संपवतो. मग कुत्रा अडखळतो, मान वाकडी करतो. शिक्का अडखळत नव्हता, आणि उकळल्यावर तो पदार्थ उरतही नाही. काटा लागला असता तर खोकला, उलटी, पोट धरणं असं काहीतरी दिसलं असतं. मासे नासलेले असते तर त्याच दिवशी पोट बिघडलं असतं. नासक्या माशांनी रक्त असं हळूहळू कमी होत नाही. म्हणजे एक तर माझं ज्ञान तोकडं होतं, किंवा काका माशांबरोबर आणखी काहीतरी देत होता.

हे दुसरं मी आईला बोलले नाही. पण काकाकडे बघताना आता मला त्याच्या खिशाकडे बघायची सवय लागली. तो आला की शिक्का आधी त्याचा उजवा खिसा हुंगायचा. का हुंगायचा? काका हात धुवायला मागच्या मोरीत जायचा, पुढचं बेसिन सोडून. का जायचा? एकदा संशय घ्यायचं ठरवलं की माणूस किती सोयीचा दिसायला लागतो, ते मी तेव्हा शिकत होते.

लॅबमधून मी एक दिवस लवकर निघाले आणि थेट मासळी बाजारात गेले. लिलाव केव्हाच संपला होता. ओल्या फरशीवर पाणी मारत होते. एका खांबाआड उभी राहून मी पाहिलं. काका बर्फातून एकेक मासा उचलत होता, अंगठ्याने कल्ला उघडून आतला लाल रंग बघत होता, आणि न पटलेला मासा परत टाकत होता. निवडलेले मासे त्याने चिरले, बोटाच्या टोकाने मांस चाचपलं आणि एका बारीक चिमट्याने काटे उपटून काढले. मग उजव्या खिशात हात घालून काहीतरी बाहेर काढलं. मी पुढे वाकले.

पावाचा तुकडा होता. तो त्याने स्वतःच खाल्ला.

"मास्तरीणबाई," मान वर न करता तो म्हणाला, "लपायचं असेल तर पांढरा कोट काढून यावं."

मी कोट काढला. आता त्याचा उपयोग नव्हता.

"वहिनींनी पाठवलं?"

"नाही. माझी मी आले."

"मग तर जास्तच वाईट," तो म्हणाला आणि हसला. पण डब्याचं झाकण त्याने जरा जोरात लावलं.

परत येताना आम्ही फार बोललो नाही. घरी मी सगळ्यांसमोर सांगितलं की मासे मी पाहिलेत, ताजे आहेत, काटे काढलेले आहेत, आणि नुसतं बंद करून बरं वाटलं एवढ्याने काही सिद्ध होत नाही. परत देऊन बघायला हवं. शिक्का आता धडधाकट आहे, मी रोज त्याच्या हिरड्या बघेन, जरा फिकटल्या की थांबवू.

"आणि उकडणार कोण?" आई म्हणाली.

"तूच उकड."

"मीच उकडीन. म्हणजे नंतर कुणाला म्हणायला जागा नको."

काका म्हणाला, "चालेल." त्याला अगदी मनापासून चालत होतं. आपल्या माशांवर त्याचा पूर्ण भरवसा होता, आणि आईच्या हातावरही.

मी सकाळी लवकर बाहेर पडते. आई मासे उकडते ते मी गेल्यावर. मी संध्याकाळी फक्त हिरड्या बघत होते. आठवडा पुरा व्हायच्या आतच त्या पुन्हा फिकट झाल्या, आणि शिक्का पुन्हा गोणपाटावर जाऊन पडला.

आई ओरडली नाही. तिने शिक्क्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानामागे बोटं फिरवत काकाला म्हणाली, "आता तरी पटलं ना, भाऊजी? महिनाअखेरपर्यंत बघा कुठे मिळते का खोली. मी काही आजच्या आज म्हणत नाही."

काकाने माझ्याकडे पाहिलं. प्रयोग माझा होता.

"पटलं," तो म्हणाला.

डॉक्टरने पुन्हा रक्त काढलं, तेव्हा नळीत उरलेले चार थेंब मी मागून घेतले. ती म्हणाली, "माणसांच्या लॅबमध्ये कुत्र्याचं रक्त?" मी म्हटलं, "काचेला काय कळतंय." आमच्याकडे नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी मोजायला एक निळा रंग वापरतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तो त्या रक्तात मिसळला, काचपट्टीवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कोवळ्या पेशी पुष्कळ होत्या. म्हणजे शरीर रक्त बनवत होतं, ते नंतर कुठेतरी मरत होतं. आणि मग मला दिसलं की कितीतरी पेशींच्या कडेला एकेक निळा गोळा चिकटला होता, कपाच्या कडेला च्युइंगम चिकटवून ठेवावं तसा. पेशीतलं हिमोग्लोबिन करपलं की त्याचे असे गोळे होतात आणि शरीर त्या पेशी मोडून टाकतं. हे पुस्तकात पाहिलेलं होतं. प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होते, आणि खरं सांगायचं तर क्षणभर मला आनंदच झाला.

डॉक्टरला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "कांदा देता का?"

"कांदा?"

"कांदा, लसूण. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कसाही. कुत्र्यांच्या तांबड्या पेशींना तो सोसत नाही. एक-दोन औषधांनीही होतं असं, पण माझ्याकडे येतात ते बहुतेक कांद्याचे. थोडाथोडा रोज गेला तरी पुरतो. त्याच दिवशी काही दिसत नाही, म्हणून लोकांना कळत नाही."

घरी येऊन मी आधी आईला विचारलं. "शिक्क्याला कांदा दिलास कधी?"

"वेड लागलंय का? कुत्र्याला कांदा कोण देतं?"

"बाबा, तुम्ही?"

"मी कुणालाच काही देत नाही."

"ते मात्र खरं आहे," आई म्हणाली.

राहिला काका. काकाच्या डब्यात रोज कच्चा कांदा असतो. सुट्टीच्या दिवशी तो डबा घेऊन मागच्या पायरीवर जेवतो आणि शिक्का त्याच्या गुडघ्याला टेकून बसतो. हे मला इतके दिवस का सुचलं नव्हतं, याचाच मला राग आला. मी मागे गेले. तो खरंच तिथे बसला होता आणि शेजारी शिक्का आडवा पडला होता.

"काका, खरं सांग. याला तू कांदा घालतोस?"

त्याने घास तसाच हातात धरला. "आधी मासे. आता कांदा. उद्या म्हणशील, माझ्या अंगाचा वास लागतो त्याला."

"मी फक्त विचारतेय."

"तू फक्त विचारत नाहीस. कोट घालून विचारतेस." मी तेव्हा कोट घातलेला नव्हता. त्याने डब्यातली कांद्याची फोड उचलून शिक्क्याच्या नाकाशी नेली. शिक्क्याने एवढ्या अशक्तपणातही तोंड फिरवलं, शिंकला, आणि सरकून माझ्या पायाशी आला. "बघ. लिहून घे काय लिहायचं ते."

मागच्या खोलीत त्याची बॅग खाटेवर उघडी होती. निम्मी भरलेली.

आता माझ्यापुढे एकच रस्ता होता, आणि तो मी पहिल्याच दिवशी धरायला हवा होता. लॅबमध्ये दोन जणांची उत्तरं जुळली नाहीत की आम्ही भांडत नाही. एक जण करतो आणि दुसरा शेजारी उभा राहून बघतो. मी काकाला म्हटलं, उद्या एकदाच मासे आण, शिक्क्याला द्यायचे नाहीत. आईला म्हटलं, तू रोज करतेस अगदी तसं माझ्यासमोर कर.

"माझी परीक्षा घेतेस?"

"परीक्षा नाही. मला फक्त बघायचंय."

"बघ बाई. आता हेच राहिलं होतं."

मी रजा घेतली. आई ओट्याशी, मी तिच्या बाजूला, काका स्वयंपाकघराच्या दारात खांदा टेकून, बाबा त्याच्या मागे वर्तमानपत्र घेऊन, पण घडी न उघडता. आईने पातेलं घेतलं, पाणी ओतलं, मासे धुऊन आत सोडले. मिठाच्या बरणीकडे तिने मुद्दाम माझ्याकडे बघत हातसुद्धा नेला नाही. गॅस पेटवला. खिडकी उघडली. मग टोपलीतून एक मोठा कांदा घेतला, सोलला, चार फोडी केल्या आणि पातेल्यात टाकल्या. दोन लसणाच्या पाकळ्या ठेचून त्याही टाकल्या. हात पुसले.

"झालं," ती म्हणाली. "आता उकळू द्यायचं. आणखी काय बघायचंय?"

मी पातेल्याकडे बोट केलं.

"आई, ते काय टाकलंस?"

"कुठे काय?"

"कांदा."

तिने पातेल्यात पाहिलं. "तो वासाला आहे. माशांचा वास सगळ्या घरभर होतो, उशांनासुद्धा येतो. कांद्याने मरतो जरा."

"रोज टाकतेस?"

"रोज म्हणजे, मासे असतील तेव्हा. पण ते काय मी त्याला खायला घालत नाही. वासाला आहे ते."

"मग नंतर काढून टाकतेस?"

"विरघळतो की सगळा. राहिलेला कुस्करते त्यातच. टाकून कशाला द्यायचा?"

डॉक्टरने विचारलं तेव्हा ती खोटं बोलली नव्हती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. तिच्या हिशेबी खिडकी उघडणं आणि कांदा टाकणं ही एकाच जातीची कामं होती. खिडकी उघडली हे जसं कुणी पदार्थात धरत नाही, तसाच कांदाही तिने धरला नव्हता. आणि माशांचा उग्र वास असलेल्या रश्श्यात मिसळलेला कांदा शिक्क्यानेही ओळखला नसावा, वाटी चाटून पुसून घेतली असावी. मासे थांबले तेव्हा कांदाही थांबला. मासे सुरू झाले तेव्हा तोही सुरू झाला. मी दोन गोष्टी एकत्र चालू आणि बंद केल्या आणि त्यातल्या एकीलाच पकडलं होतं.

मी हे सगळं सांगितलं. निळ्या गोळ्यांचंही सांगितलं. आई ऐकत होती आणि तिचा हात गॅसच्या बटणावर होता, पण तिने गॅस बंद केला नाही.

"म्हणजे मी," ती म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं."

"म्हणजे मीच." ती वळून दाराकडे चालली, बहुधा शिक्क्याकडे. दारात काका होता. दोघांनाही एकाच वेळी बाजूला व्हायचं होतं, त्यामुळे कुणालाच जाता आलं नाही. शेवटी बाबांनी काकाला दंडाला धरून मागे घेतलं. गॅस मी बंद केला.

काका मागच्या खोलीत गेला. मला वाटलं, बॅग रिकामी करत असेल. मी गेले तेव्हा तो खाटेवर बसला होता आणि बॅग होती तशीच होती.

"सुटलास," मी म्हटलं.

"हं." त्याने एका शर्टाची घडी मोडली, पुन्हा घातली. "मास्तरीणबाई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"तू वहिनींना कांद्याचं विचारलं होतंस ना? सरळ विचारलं होतंस. तेव्हा त्या नाही म्हणाल्या."

"हो. कारण तिच्या डोक्यात तो..."

"कळलं ते. तू सांगितलंस ते कळलं मला." तो आवाज खाली आणून म्हणाला, "पण त्यांना मी नको होतो, हे तर खरं. मासे बाद झाले की मीही बाद. मला आपलं वाटलं... नक्की माहीत नव्हतंच ना त्यांना?"

"काका, तिने त्याला ड्रॉपरने वाढवलंय."

"म्हणूनच विचारतोय. तुझ्या त्या काचेवर तेही दिसतं का?"

मी नाही म्हटलं. दिसत नाही ते दिसत नाही. पण मी हसले नाही, हे त्याच्या लक्षात आलं असणार. शिक्क्यासाठी रात्ररात्र जागणारी आई मला माहीत होती. काकाची चादर वेगळी धुणारीही माहीत होती. मला खात्री होती. ती कशाच्या जोरावर, ते मात्र त्याला दाखवता येण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

जेवायला बसताना आईने काकाचं ताट नेहमीच्या जागी मांडलं. वाढताना म्हणाली, "खोली बघायची काही घाई नाही, भाऊजी."

"बघत नाहीये," काका म्हणाला.

"बरं."

शिक्का सावकाश सुधारला. या वेळी डॉक्टरने औषधही दिलं होतं आणि मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा रक्त मागून आणत होते. निळे गोळे कमी होत गेले, मग दिसेनासे झाले. त्याच्या हिरड्या पुन्हा गुलाबी झाल्यावर डॉक्टर म्हणाली, द्या मासे, नुसते द्या. काकाने आणले. त्या दिवशी मला सुट्टी होती, म्हणून मी घरात होते.

आईने पातेल्यात पाणी आणि मासे टाकले आणि काकाला हाक मारून बोलावलं. सगळ्या खिडक्या सताड उघडल्या होत्या, नाकाला रुमाल बांधला होता. उकळी येईपर्यंत तिने त्याला ओट्याशी उभं केलं. मासे शिजले, निवले, तिने ते वाटीत काढले आणि रुमालामागून म्हणाली, "घ्या. बघितलंत ना? नुसते आहेत. तुम्हीच द्या."

"बघितलं," काकाने वाटी घेतली. शिक्का त्याच्या पायांत घोटाळत होता. काका दाराकडे वळला, आमच्याकडे पाठ झाली, आणि चालता चालता त्याने वाटीत करंगळी बुडवून जिभेला लावली.

मी आईकडे पाहिलं. तिने रुमाल खाली ओढला होता.

"मीठही नाही त्यात," ती म्हणाली.

काकाने मागे वळून पाहिलं नाही. त्याचे कान लाल झाले. तो खाली वाकला, वाटी ठेवली आणि शिक्क्याच्या शेजारी फरशीवर बसून राहिला. शिक्का खात होता. आई पातेलं घासायला लागली, एरवीपेक्षा जरा जास्तच वेळ.